वाकडा दात

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा नको तिथे हसलो! कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "वहिनी गेल्याचं आत्ताच कळलं हो, फार वाईट झालं." आणि मी दात दाखवले. वरचे, खालचे, सगळे. बिचारा इतका दचकला की साखर सांडली.

ही आमच्या पंथाच्या संघाची शिकवण. संघात माणूस गेलं की हसत निरोप द्यायचा. रडलं की गेलेला दारातच अडकतो, त्याला पुढे जाता येत नाही — असं तिथले थोरले सांगतात. आम्ही दोघं लग्नापासून संघात. ती गेली तेव्हा मला सभेपुढे उभं करून हसायला लावलं. हसलो. नंतर जाणंच सोडलं. पण ते हसू माझ्यामागून घरी आलंय, निघायचं नाव घेत नाही.

५ मार्च, गुरुवार

जेवताना ती निरोपसभा आठवली. कोणी रडून आलंय का, डोळे तपासायला दारातच एक माणूस असतो. त्या दिवशी कोण होता? माझा मेहुणा. तिचा सख्खा धाकटा भाऊ! माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"भावोजी, डोळे लाल दिसतात."

"धूळ गेली."

"दोन्ही डोळ्यांत?"

त्याने रुमाल दिला आणि पुढे ढकललं. त्यानंतर मी त्याच्याशी बोललेलो नाही. तोही नाही.

८ मार्च, रविवार

रडून पाहायचं ठरवलं. खिडक्या लावल्या, तिचा स्वेटर मांडीवर घेतला, तिच्या खुर्चीत बसलो. काही नाही. मग वाटलं — खरंच रडू आलं तर? ती अडकली तर? तिला दारात उभं राहायचा भारी कंटाळा. मी कुलूप शोधत बसलो की जिन्यातून ओरडायची, "येताय, का जाऊ मी?"

शेवटी उठून दार किलकिलं करून ठेवलं. अडकलीच तर निदान आत तरी येईल.

शेजारचं मांजर आलं.

९ मार्च, सोमवार

मांजर अजून आहे. खुर्ची त्याने घेतली.

१२ मार्च, गुरुवार

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत नेहमीसारखा कवळी करत होतो. सकाळी पाठवलेली एक कवळी घेऊन डॉक्टरीणबाई तरातरा आल्या.

"अहो, हे काय? हा दात वाकडा!"

पाहिलं, तर खरंच. वरचा, समोरच्या दोघांच्या शेजारचा. जरा आत वळलेला. इतकी वर्षं मेणात दात बसवतोय, असं कधी झालं नव्हतं. अजून मेणातच आहे, लगेच सरळ करतो म्हटलं. पण ज्यांची कवळी त्या आजी बाईंच्या मागोमाग आत आल्या होत्या. "बघू तरी," म्हणाल्या. तोंडात बसवली. भिंतीवरच्या आरशात इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"असू द्या हो. आधीची लावली की सून म्हणायची, सासूबाई, जाहिरातीतल्या दिसता! हे कसे माझेच वाटतात." आणि हसल्या. तोंड भरून.

हे तर माझ्या बायकोचं हसू! तिचाच तो वाकडा दात. माझ्या हातांनी मला न विचारता बसवून टाकला होता.

मी प्लास्टरच्या पोत्यावर बसलो आणि रडलो. मोठ्याने. थांबेचना.

आजी घाबरल्या. "अहो, आवडला म्हणतेय ना मी!"

डॉक्टरीणबाईंनी दात काढल्यावर देतात तो कापूस आणून दिला. चावायला की पुसायला, त्यांनाही सुचेना.

१३ मार्च, शुक्रवार

घाबरत झोपलो, घाबरत उठलो. दार उघडलं. कोणीही अडकलेलं नव्हतं. दुधाची पिशवी होती. तिच्यामागे मांजर.

मग राग आला. पहिल्यांदाच. त्या सभेत हसणं नीट जमावं म्हणून सगळा वेळ मी समोरच्या भिंतीकडे पाहत होतो. तिथेच ठेवलेल्या तिच्याकडे शेवटचं पाहायचं राहूनच गेलं.

दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, वहिनी कशाने गेल्या वगैरे. हसलो नाही. सांगितलं. साखर सांडली नाही.

१५ मार्च, रविवार

बेल वाजली. मेहुणा. चप्पल काढेना, आत येईना. डोळे लालभडक.

"धूळ गेली, भावोजी."

"दोन्ही डोळ्यांत?"

त्याने मान हलवली. मग अगदी हळू म्हणाला, "पण ताई अडकली तर?"

"नाही अडकत. मी दार उघडून पाहिलंय."

त्याला बसायला तिच्या खुर्चीवरून मांजराला उठवलं.