छिन्न्या लोइसला, चॅपलला काही नाही

मी, क्लेमंट आर्थर रॅडली, वय एकोणऐंशी, धंदा थडग्यांचे दगड घडवण्याचा, राहणार ड्यूक्स मार्श, वायव्य तस्मानिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दगडाची धूळ फुप्फुसांत बसली आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. खासगी मजकूर गाळावा असे वकीलबाईंनी सुचवले होते. मी गाळलेला नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझा आत्मा वाटणीत येत नाही. १९५६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, बटाट्याच्या शेतात ठोकलेल्या धर्मसभेच्या तंबूत मी प्रभू येशूला शरण गेलो, तेव्हापासून तो त्याचा आहे. मेल्यावर मी कुठे जाणार याविषयी मला शंका नाही. तेव्हा माझ्या शवपेटीपाशी उभे राहून कोणी 'आशा करू या' असे पुटपुटू नये. क्लेम भला माणूस होता असेही म्हणू नये. भलेपणावर तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळत असते तर मी कधीच बुडालो असतो. का, ते पुढे येईल.

२. गावच्या ज्या चॅपलमध्ये मी बावन्न वर्षे प्रार्थनेला बसलो, त्याला काहीही देऊ नये. माझ्या सासऱ्यांनी घडवलेले व्यासपीठ कापून तिथे कॉफीचा ओटा केला आहे. जिथे उभे राहून न्यायाच्या दिवसाविषयी सांगितले जाई, तिथे आता दुधाचा फेस काढतात.

३. चॅपलचे पाळक जॅरॉड पेनी यांना माझी पवित्र शास्त्राची, बायबलची, जुनी प्रत द्यावी. आयुष्यभर देवाची टिंगल केलेल्या एका माणसाच्या अंत्यविधीला हे म्हणाले की तो आता स्वर्गात मासे धरायला गळ टाकून मजेत बसला आहे. लोक हसले. बाहेर आल्यावर मी जाब विचारला, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "क्लेमकाका, पाप, नरक, हे शब्द लोकांना टोचतात हो. आपण प्रेमाविषयी बोलू या." प्रतीत जिथे जिथे 'पाप' आहे तिथे मी पेन्सिलीने खूण केली आहे, म्हणजे शोधायला त्रास होणार नाही.

४. कारखान्यातले अक्षरे कोरायचे संगणकी यंत्र भंगारात विकावे. ते मी घेतले ही माझी चूक. त्याच्यामुळे लोकांना काहीही मागता येऊ लागले. एका बाईने वडिलांच्या दगडावर बिअरचा कॅन मागितला, खाली शब्द 'आलोच'. मी तिला दार दाखवले. तिने तसा दगड शहरातून करून आणला आणि माझ्या आईच्या थडग्याशेजारी उभा केला. दर रविवारी तो कॅन बघावा लागतो. मरणापुढे उभे राहून दात काढणाऱ्या या पिढीची मला शिसारी आली आहे.

५. घर, आवार आणि सर्व हातछिन्न्या माझी मुलगी लोइस हिला.

लोइसने विसाव्या वर्षी चॅपल सोडले. अठरा वर्षे ती डीन फॉक्सबरोबर लग्नाशिवाय राहते. ते पाप आहे असे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो. त्यांच्या घरी मी पाण्याचा थेंब घेतला नाही. त्याचा मला अभिमान वाटत असे.

२०१६ च्या हिवाळ्यात माझी बायको मुरियल अंथरुणाला खिळली. एका सकाळी ती म्हणाली, "क्लेम, मला खात्री वाटत नाही रे. त्याने मला घेतलंच नाही तर?" जन्मभर पहिल्या बाकावर बसलेली बाई, आणि हा प्रश्न. मला तिचा वीट आला. मी तिला शास्त्रातली सहा वचने घडाघडा म्हणून दाखवली, अविश्वास हेही पापच आहे असे बजावले आणि कारखान्यात निघून गेलो.

मग लोइस आणि डीन येऊन राहिले. डीन मुरियलला उचलून खिडकीपाशी बसवायचा, अगदी अलगद. लोइस रोज दुपारी, स्वतःचा विश्वास नसताना, आईला शास्त्र वाचून दाखवायची. एके दिवशी मी दाराबाहेर उभा होतो. आपल्या मेंढरांना आपल्या हातातून कोणी हिसकावू शकत नाही असे प्रभू म्हणतो, तो उतारा चालला होता. मुरियलने विचारले, "आणि माझाच हात सुटला तर गं?"

लोइसने पुस्तकातल्या त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवले. मग म्हणाली, "आई, इथे तुझ्या हाताबद्दल काहीच लिहिलेलं नाही. धरलंय त्याने."

मुरियल हसली. चौथ्या दिवशी ती शांतपणे गेली.

साठ वर्षे जे मी इतरांच्या दगडांवर कोरले, ते माझ्या बायकोला आमच्या वाट चुकलेल्या मुलीने समजावले. माझी खात्री मी पदकासारखी छातीवर लावून हिंडलो आणि ज्या एका माणसाला ती हवी होती, तिला लाथाडले. या जगाविषयी मला जेवढी किळस आहे, त्याहून जास्त त्या सकाळच्या क्लेमंटची आहे. तरीही मला धरलेले आहे, आणि तेवढ्यावरच मी जाणार आहे.

६. डीनला माझा ट्रक. त्याने लोइसशी लग्न करावे ही विनंती आहे, अट नाही.

७. मुरियलचा दगड मागच्या भिंतीशी उभा आहे. त्यावर नाव आणि दोन तारखा आहेत, खालची जागा रिकामी. तीन वर्षे मी खडूने वचने लिहितो आणि ओल्या फडक्याने पुसतो. ती ओळ लोइसने निवडावी आणि हाताने कोरावी. अक्षरे तिला मी लहानपणीच शिकवली आहेत. तिच्या आईला शेवटी काय ऐकू आले ते तिला ठाऊक आहे. मी दाराबाहेर होतो.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, एकही शब्द बदलला नाही, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

क्लेमंट आर्थर रॅडली

साक्षीदार:
१. व्हर्नन टिल्डस्ली, बटाटा शेतकरी, शेजारी
२. नर्स ऑड्री मॅकफी

ड्यूक्स मार्श, ११ जून २०१९