ढगमारांची रायफल

३ नोव्हेंबर, सोमवार

ढगमारांची रायफल आज माझ्या दुकानात, बंदूक-दुरुस्तीच्या टेबलावर! टपाल कचेरीतल्या बाई चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. ढगमार म्हणजे त्यांचे वडील, गेल्या वर्षी वारले. क्लबात तीस वर्षं नेम धरला आणि निशाणाचा कागद सोडून सगळीकडे मारलं. हे नाव मीच ठेवलं होतं, चहाच्या वेळी. असं चिकटलं की सेक्रेटरीलाही यादीत खरं नाव लिहिताना आठवावं लागायचं.

बाईंना तेवीस तारखेला जुन्या बंदुकांच्या स्पर्धेत हीच रायफल चालवायची आहे. "बाबांचा नेम वाईट नव्हता. बंदुकीतच काहीतरी आहे," म्हणाल्या. प्रत्येक वाईट नेमबाजाच्या मुलीला असंच वाटत असणार. मी ठेवून घेतली.

५ नोव्हेंबर, बुधवार

खोलून पाहिली. ऐंशी वर्षांची शिकारी रायफल, पण गंजाचा ठिपका नाही. मारता येत नव्हतं म्हणून गृहस्थ पुसत बसले असावेत. दस्त्याचं लाकूड मात्र फुगलंय आणि नळीला एका बाजूनं रेटतंय.

भाचा येऊन अकलेचे दिवे पाजळून गेला — मामा, दुर्बीण बसवा. दुर्बिणीनं लांबचं दिसतं, बंदूक सुधारत नाही, हे त्याला दोनदा सांगितलं. तो स्वतः चष्मा लावतो, तरी डोक्यात काही शिरत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

क्लबात वाळूच्या पिशव्यांवर टेकवून शंभर मीटरवर पाच गोळ्या झाडल्या. जेवणाच्या ताटाएवढ्या पसरल्या. शेजारी साडू उभा होता, ढगमार परत आले वाटतं, म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो — विनोद माझाच होता. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, ते नंतर दिसलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस लाकूड खरवडलं. आता नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी टोकापर्यंत सरकते. स्क्रू कोणीतरी दात-ओठ खाऊन आवळले होते, ते बेतानं आवळले. ही म्हणते, एवढं मन लावून माझं शिलाई मशीन दुरुस्त केलं असतंत तर! ते दोन महिने कोपऱ्यात पडून आहे, हे खरं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा पाच. ताटाची बशी झाली. बशीवर कोणी स्पर्धा जिंकत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं! भिंग घेऊन नळीचं तोंड पाहिलं. मग काडतुसाचं टोक तोंडातून आत घातलं, तर गोळी पार काडतुसाच्या मानेपर्यंत आत गेली. धडधाकट नळीत ती आधीच अडते. तोंड झिजून लांबट झालंय. गोळी बाहेर पडता पडताच तिरकी होते. मग नेम धरणारा कोणीही असो.

गोळ्या झाडून असं झिजत नाही. पुढून गज घालून साफ करत राहिलं की झिजतं — गज कडेला घासतो, वर्षानुवर्षं. मागचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, काढायचा आणि मागून गज घालायचा, एवढी साधी गोष्ट! ढगमारांना कुठल्या गाढवानं शिकवलं देव जाणे. बिचारे जितकं पुसत गेले तितकं बिघडत गेलं.

म्हणजे त्यांचा नेम... असो. उद्या बाईंना सांगायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उपाय एकच. तोंडाकडची बोटभर नळी कापायची आणि लेथवर नवं तोंड करायचं. बाईंचा चेहरा पडला. बाबांच्या वस्तूवर करवत चालवायची? मी म्हणालो, मग भिंतीवर टांगा, शोभा येईल. शब्द जरा जास्तच लागला असावा. बराच वेळ त्या नळीवरून हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, कापा, पण बरोबर कापा.

मला सांगतात बरोबर कापा! चाळीस वर्षं मी काय भाजी चिरली?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कापली. पाच गोळ्या. पाचही चहाच्या कपाच्या तोंडात मावतील! साडूनं कागद उलटापालटा करून पाहिला.

मग बाई बसल्या. त्यांच्या पाच माझ्याहून जवळ पडल्या. हात जराही हलत नाही, श्वास सोडून अर्ध्यावर थांबतात, चाप हळू ओढतात. कोणाकडे शिकलात, विचारलं. "बाबांकडेच. दुसरं कोण शिकवणार?" साडूनं त्यांचा कागद माझ्या कागदावर ठेवून पाहिला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आता साफ कशी करायची, हे विचारायला बाई आल्या. बोल्ट काढून दाखवला. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतः काढून परत बसवला. म्हणाल्या, बाबांच्या साफसफाईच्या खोक्यात झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय, त्यात वेगळंच लिहिलंय. म्हटलं, आणाच उद्या. तो दीडशहाणा कोण, ते मला पाहायचंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कागद पिवळा पडलाय, शाई अजून नीट वाचता येते. 'दर रविवारी साफ करणे. गज पुढून घालावा. पन्नास वेळा. मागचा भाग उघडू नये.'

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, याच दुकानात उस्तादांच्या हाताखाली शिकत होतो. हे गृहस्थ रायफल घेऊन भीत भीत काउंटरपाशी आले होते. उस्ताद म्हणाले, यांना बोल्ट काढायला शिकव. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, या बावळटाला तो परत बसवता यायचा नाही, रोज येऊन डोकं खाईल. म्हणून चार ओळी खरडून दिल्या आणि विसरून गेलो.

बाई म्हणाल्या, "बाबा म्हणायचे, दुकानातल्या माणसानं स्वतः लिहून दिलंय, त्यात आपण अक्कल चालवायची नाही. एक रविवार चुकवला नाही हो त्यांनी. अक्षर ओळखता का?"

"माझं आहे," म्हटलं.