इतरत्र कुठेही नसलेलं

१६ जून, वाई

आले एकदाची वाईला! शाळेत रुजू झाले, आठवीचं विज्ञान माझ्या गळ्यात पडलं आहे. खोली घाटाच्या वरच्या आळीत. घरमालकीण हरणाकाकू पहिल्याच दिवशी चहा घेऊन आल्या आणि चहा संपेपर्यंत माझं गाव, शेती, लग्न का झालं नाही, हे सगळं काढून घेऊन गेल्या. गाव तासगावजवळ, शेती थोड्या द्राक्षांची, लग्नाचं बघू, असं सांगितलं. दादाचं नाही सांगितलं. दीड वर्ष झालं, तरी ‘अपघातात गेला’ म्हणवत नाही.

टेबलावर आमच्या तिघांचा फोटो मांडला. आई, मी, आणि मधे दादा, दात काढून हसणारा. बाबा मी तान्ही असताना गेले, त्यामुळे लाड करायला आणि कान पिळायला तोच.

२२ जून

शाळेतल्या रेश्मा मॅडमना दादाबद्दल बोलले. त्यांनी एका ऑनलाइन अंकाची लिंक पाठवली आणि म्हणाल्या, लिहून मोकळी हो. ‘मागीलदार’ नावाचा अंक. कथा, कविता, चित्रं आणि ‘गेलेली माणसं’ असं एक सदर. नियम नेहमीचेच. मजकूर टाइप केलेला हवा, स्वतःचा हवा आणि स्वीकारल्यावर तो इतरत्र कुठेही नसावा. माझं लिखाण इतरत्र कोण छापतंय, कप्पाळ!

दादाच्या शीळ घालण्यावर लिहिलं. गल्लीच्या तोंडाशी आला की शीळ घालायचा, एक लांब, एक तुटकी. मी धावत जाऊन कडी काढायची. उशीर झाला तर दारातच रुसून बसायचा, एवढा घोडा झाला तरी. लिहिताना पोटभर रडले आणि बरं वाटलं. त्याचं नाव मात्र त्यात घातलं नाही, इथंही लिहीत नाही. ते मला आणि आईला पुरे.

५ जुलै

स्वीकारलं! शिक्षकखोलीत पेढे वाटले. संपादकांनी लिहिलंय, मनाला भिडलं, पण आणखी ठोस तपशील असलेलं पाठवा.

संध्याकाळी आळीच्या तोंडाशी कुणीतरी शीळ घालत होतं. वाईतली पोरं वाह्यात दिसतात. खिडकी लावून घेतली.

२० जुलै

दुसरा लेखही घेतला. खपली गव्हाच्या खिरीवर होता. सगळ्यांचं जेवण झालं की दादा पातेलं पुढ्यात ओढून बुडाची खरवड हातानं काढून खायचा. आता पानावर वाचताना दुसऱ्याच कुणाच्या घरातलं वाटलं. छापून आलं की असं होत असेल.

संपादक म्हणतात, माणूस जाणवतो पण दिसत नाही. चेहरा द्या.

आज बसून चेहरा लिहिला. जुळलेल्या भुवया, हनुवटीवर द्राक्षाच्या मांडवाची तार लागल्याचा व्रण.

१० ऑगस्ट

तोही स्वीकारला.

हरणाकाकूंनी फोटोतला मधला कोण म्हणून विचारलं. मला पटकन सांगता येईना. कुणी नात्यातला असेल, म्हटलं. आईकडून दादाचा एक फोटो मागवायला हवा, माझ्याकडे एकही नाही.

काकू आणखी एक म्हणाल्या, “बाई, त्यो पोरगा लय दिस झालं शीळ घालतोय. तुमच्या वळखीचा हाय का?” मी नाही म्हटलं.

७ सप्टेंबर

आईचा फोन. सर्वपित्रीला दादाचा म्हाळ घालायचा, पहिलाच. आमच्यात गेलेल्याच्या आवडीचं शिजवतात, पत्र्यावर घास ठेवतात आणि त्याला नावानं हाक मारतात. हाकेशिवाय कावळा घास शिवत नाही आणि माणूस उपाशी परत जातो.

आईनं विचारलं, “त्याला काय आवडायचं गं? माझ्या ध्यानातच येईना.”

मलाही येईना.

मग आठवलं की मी काहीतरी लिहिलं होतं. अंक उघडला. खीर, शीळ, चेहरा, सगळं तिथं होतं. इतरत्र कुठेही नव्हतं. माझ्यात नाही, आईत नाही.

मी काय करून बसले!

८ सप्टेंबर

आज शीळ आली तशी धावले. आळीच्या तोंडाशी तो उभा. जुळलेल्या भुवया, हनुवटीवर व्रण. म्हणजे दादाच. मला बघून हसला. मी त्याला ओळखलं नाही. वाचलेल्या खुणा जुळल्या, बस्स. परका माणूस अंगावर यावा तशी भ्याले, पळत आले, कडी लावली.

तो दारातच बसला आहे. रुसून. मी त्याला भ्याले, याचंच रडू आवरत नाही.

१४ सप्टेंबर

लेख परत मागितले. उत्तर आलं, परत घेता येतील, ज्या व्यक्तीबद्दल आहेत तिचं पूर्ण नाव कळवा, शोधायला सोपं जाईल.

नाव तेवढं उरलंय. देववत नाही. पण सर्वपित्रीला त्याच्यासमोर परक्यासारखी उभी राहू? सगळं परत मिळेल—

पाठवलं.

१७ सप्टेंबर

‘मिळालं. स्वीकारलं. आपलं लेखन आता पूर्ण झालं.’

मी पाठवलेला मेल उघडला. नावाची ओळ कोरी—

२० सप्टेंबर, घरी

रेशनकार्ड काढलं. आई, मी, मधे रिकामी ओळ. शेजारच्या भाऊसोंना विचारलं, त्यांना धड सांगता येईना. म्हणाले, तुमच्यात थोरलं कोण हुतं व्हय?

आई माझा हात धरून विचारते, “एक पोरगं हुतं गं मला. हुतं न्हवं?”

होतं, आई. होतं.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

खीर केली. खरवड वेगळी काढली. अंकात तसं लिहिलंय म्हणून.

घास पत्र्यावर. कावळे बाभळीवर बसलेत, एकही उतरत—

आई म्हणते, तू मार हाक. मी दादा म्हटलं. दादा, दादा. आई म्हणते, नाव घे गं, दादा काय एकाच घरात असतो?

अंगणाच्या कडेला आलाय. वाईहून माझ्या मागनं आला. शीळ नाही आज. घासाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. फार भुकेला दिसतोय. बोलावल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही त्याला—

आता भीती वाटत नाही. फक्त जेवून जाऊ दे—

ओठ हलवतोय. मला सांगतोय. स्वतःचं नाव सांगायला बघतोय आणि—

त्यालाही येत नाही—

रडू नको. मी आठवते. थांब. जाऊ नको, खीर निवेल. ये. ये रे, —