गॅलरीतला पडदा

मीरा रोड,
मंगळवार, १४ फेब्रुवारी २००६

प्रिय मृणालिनी,

फोन करायचा सोडून हिला पत्र लिहायची काय हौस आली, म्हणत तू आधी पाकीट उलटसुलट करून बघशील. मग ह्यांना विचारशील, सगळं ठीक आहे ना? हे काही सांगणार नाहीत. मीच बजावलंय, पाकीट आणि डबा हातात द्यायचा आणि निघायचं, चहाला थांबायचं नाही. फोनचं असं आहे बघ, आमचा फोन हॉलमध्ये आणि हॉलची भिंत हंसाबेनच्या बेडरूमला लागून. मी इकडे हॅलो म्हटलं की तिकडे टीव्हीचा आवाज बारीक होतो. तुला वाटेल अंबिकाला भ्रम झालाय, पण मी मुद्दाम दोनदा फोन उचलून नुसतं हॅलो हॅलो करून पाहिलं. दोन्ही वेळा झाला. भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळलं, बरं वाटलं. त्यांना म्हणावं, आता पेपर नाकाला चिकटवून वाचू नका.

हंसाबेनबद्दल तुला थोडंथोडं सांगितलंय, आज सगळं सांगते. आमची बिल्डिंग काटकोनात वळलेली, त्यामुळे तिच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट आमच्या गॅलरीत बघते. सिल्व्हर पार्कात राहायला आले तेव्हा तुझ्यापुढे मी किती मिरवलं होतं! स्वतःचा संडास, स्वतःचा नळ, दार लावलं की जग बाहेर. लालबागच्या चाळीत वीस वर्षं आपली दारं फक्त रात्री निजताना लागायची, पण कुणी बघतंय असं कधी वाटलं नाही. इथे दाराला दोन दारं आणि भिंग, तरी वाटतं. आमचा गॅस सिलिंडर किती दिवस पुरला हे ती मला सांगते. कुरिअरवाला आला की माझ्याआधी तिचं दार उघडतं. मी बोंबील तळले की ही पॅसेजमध्ये अगरबत्ती लावते, तीही आमच्या दाराकडे तोंड करून, जणू आमच्या घरात कुणी गेलंय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठून म्हणाली, मच्छी का बास आता है, कुछ तो करो. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. ह्यांनी तेवढ्यात पाणीपट्टीचा विषय काढला म्हणून वाचले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं गं. पण घरात लग्नाची मुलगी आहे. दिवाळीनंतर विरारचं स्थळ आलं होतं, आठवतं ना? मुलाच्या आईने जाताना स्वप्नालीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पत्रिका त्यांनीच जुळवून आणलेली. आठवडा गेला आणि फोन आला, पत्रिका जुळत नाही. जुळलेली पत्रिका विस्कटते कशी, तूच सांग! मधल्या आठवड्यात काय झालं असणार हे तुला मला कुणी शिकवायला नको. चौकशी. मुलगी बघून गेले की मुलाकडचा एखादा काका नाहीतर मामा गुपचूप बिल्डिंगखाली येतो, वॉचमनशी तंबाखू चोळतो, मग शेजारचं दार वाजवतो आणि पाणी पिता पिता विचारतो, माणसं कशी आहेत हो? आपण दोघींनी चाळीत अशा किती मामांना चहा पाजलाय! शेजारीण नुसती 'हं' कशी म्हणते त्यावर एखादीचं लग्न ठरतं नाहीतर मोडतं. आणि माझ्या नशिबात शेजारीण कोण, तर हंसाबेन.

आणि हंसाबेनने काय बघितलं असेल, तर स्वप्नालीच्या पाठीवरचं कोड. हा शब्द कागदावर लिहिताना आजही हात अडखळतो. तुझ्यापुढे नाही अडखळायला पाहिजे, कारण ते पहिल्यांदा बघितलंस तूच. सातवीत होती ती. शाळेचं गॅदरिंग, कोळीनाच, आणि मी सासूबाईंजवळ हॉस्पिटलात. तू तिला तयार करत होतीस. चोळीचे हुक लावता लावता तुझा हात थांबला, वालाच्या दाण्याएवढा पांढरा डाग. पोरीला काही कळू न देता तू तिच्या पाठीवरून ओढणी घेऊन पिना लावल्यास आणि तिला नाचायला पाठवलंस. मी घरी आल्यावर तू माझ्या खोलीत आलीस आणि भरदिवसा आतून कडी लावलीस. आपल्या मजल्यावर दिवसा लागलेली ती पहिलीच कडी असेल. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस, अंबू, हे तुझ्या-माझ्यात. मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले होते. सख्खी बहीण असती तरी आणखी काय केलं असतं?

आता तो डाग विड्याच्या पानाएवढा झालाय. इथले डॉक्टर भले आहेत. म्हणाले, कुणाला लागत नाही, दुखत नाही, पोरीला काडीचा धोका नाही. लोशन दिलं आणि सांगितलं, ते लावून सकाळचं कोवळं ऊन घ्यायचं. आमच्या घरात ऊन येतं फक्त गॅलरीत. मग ऑफिसला जाण्याआधी स्वप्नाली तिथे स्टुलावर बसायची, पुढे टॉवेल धरून, उघडी पाठ उन्हाला. पावसाळा संपल्यावर त्या पांढऱ्यात बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागले, रंग परत येत होता! मी गणपतीला नारळ फोडला. आणि नेमकी त्याच वेळेला हंसाबेन खिडकीशी भाजी चिरत उभी. पोरीची पाठ तिकडे, तिला काय दिसणार? पण मला दिसायचं. सुरी थांबलेली असायची.

विरारचं स्थळ फिसकटल्यावर मी गॅलरीत जुनी साडी बांधली. साडीतून दिसतं असं वाटलं म्हणून जाड चादर लावली. हंसाबेन सेक्रेटरीकडे गेली, बिल्डिंगचा शो जातो म्हणून. मी हिरवं कापड आणून ग्रिलला आतून शिवूनच टाकलं. औषधाच्या बाटलीवरचा कागद खरवडल्याशिवाय बाटली कचऱ्यात टाकत नव्हते. लग्नाचं काही बोलायचं असलं की मी मिक्सर लावायची. हे म्हणायचे, चटणी कुठाय? मी म्हणायची, गप्प बसा आणि ऐका. स्वप्नाली वैतागून म्हणाली, आई, आपण घरात राहतोय की पोलीस चौकीत? मी तिलाच ओरडले. जग तिने बघितलंय की मी?

एवढं करून काय झालं, तर गेल्या महिन्यात कळव्याचं स्थळही गेलं. हॉल बघण्यापर्यंत गोष्ट आली होती. मुलाच्या आईचा फोन आला, आवाज एकदम थंड. म्हणाली, तुम्ही आधी सांगायचं होतं, सातवीपासून आहे म्हणे मुलीला. मी रिसीव्हर ठेवला आणि तशीच जाऊन हंसाबेनची बेल दाबली. काय काय बोलले ते लिहीत नाही, शोभण्यासारखं नव्हतं. अर्धं मराठीत, अर्धं माझ्या हिंदीत. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग गॅस बंद केला आणि म्हणाली, आये थे वो लोग, दोनों बार आये थे. मैंने बोला मेरे को तो दो साल हुआ, ज्यादा पहचान नहीं. बीस साल जिधर रहे उधर जाके पूछो, लालबाग में. शादी के मामले में मैं मुंह नहीं खोलती. आणि डाग? वो तो मैंने पहले दिन देखा. मेरी ननद को भी है, दो बच्चे हैं उसको. वर मलाच झापलं, वो पडदा तो निकालो, छोकरी को धूप किधर से लगेगी? आणि मी वळले तर मागून, मच्छी तलती हो तो खिड़की बंद रखा करो.

बाई गोड नाही. उद्याही ती माझा सिलिंडर मोजणार. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी स्वप्नालीची पाठ बघून विचारलं, ठिपके होते तिथेच थांबलेत, ऊन घेत नाही का? घरी आल्यावर पोरीने स्वतः कात्री घेतली आणि हिरवं कापड टराटरा कापून काढलं. आता रोज बसते, त्याच खिडकीकडे पाठ करून.

त्या दिवशी मेथी निवडताना मात्र माझ्या डोक्यात एकच शब्द वाजायला लागला, सातवीपासून. हंसाबेनला डाग दिसेल, पण सातवी कशी दिसेल? स्वप्नाली सातवीत होती तेव्हा मीरा रोड आम्ही नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं. घरातली आम्ही तिघं कुणाला सांगणार नाही. मग मी कोण कोण आठवत बसले. चाळीतली सरूबाई? तिचं लक्ष असायचं सगळीकडे. शाळेतल्या बाई? पण ओढणी होती, पिना होत्या. दाराला कडी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी देत बसले मी. जितक्या वेळा मोजलं तितक्या वेळा आम्ही तिघं आणि तू.

मला खूप राग आलाय, मृणालिनी, आणि रागापेक्षा जास्त कसंतरी होतंय. तू वाईटपणाने सांगितलं नसशील, एवढं अजून मनाला समजावतेय. कसं सांगितलं असशील तेही मला ऐकू येतं. चहाचा कप पुढे केला असशील, पदर सावरला असशील आणि आवाज खाली आणून म्हणाली असशील, तुम्ही आपली माणसं म्हणून सांगते हं, सोन्यासारखी मुलगी आहे, बिचारीला सातवीपासून एवढं एकच. वीस वर्षं याच आवाजात तू मला दुसऱ्यांच्या घरातलं सांगायचीस. मला वाटायचं, मी आतली आहे म्हणून सांगते. आपलंही कुणापुढे असंच निघत असेल हे कधी मनात आलं नाही.

आता हे पत्र का, ते ऐक. भाईंदरचं एक स्थळ आहे, मुलाचं नाव निकेत. येत्या रविवारी तो आणि त्याची आई आमच्याकडे येणार आहेत, आणि स्वप्नालीने ठरवलंय की त्या दोघांना ती स्वतः सांगणार. मी नाही, हे नाहीत, ती. त्यांना पटलं तर पटलं, उठून गेले तर गेले. पण काल निकेतचा मामा खाली येऊन गेला. हंसाबेनने त्यालाही लालबागला धाडलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझी बेल वाजवून सांगितलं, गुरुवार को जायेगा बोला. म्हणजे परवा तो तुझ्या दारात असेल. खोटं बोल असं मी म्हणत नाही. एवढंच म्हण, त्यांच्या घरचं त्यांनाच विचारा. रविवारपर्यंत ती गोष्ट माझ्या पोरीची राहू दे. फोन हंसाबेनमुळे केला नाही असं वर लिहिलंय, ते खोटं. तू फोनवर अंबू म्हणाली असतीस आणि मी यातलं एक अक्षर बोलले नसते. संक्रांतीला तू तिळाचे लाडू पाठवलेस तो डबा घासून सोबत दिलाय. तुझं भांडं माझ्याकडून रिकामं कधी गेलं नाही, काही नसलं तर साखरेचे चार दाणे तरी असायचे. आज झाकण उघडशील तर आत काही नाही. विसरले नाही, मुद्दाम दिलाय तसा. तो भरून न्यायला मी परत तुझ्या दारात येईन की नाही, ते गुरुवारी तू त्या मामाला काय सांगतेस त्यावर आहे.

गुरुवारपर्यंत तरी तुझीच,
अंबिका