दौंडच्या मालगाड्या आमच्या दारात

नाशिकरोड,
श्रावण वद्य पंचमी, शके १८५७

तीर्थस्वरूप मैनाताईच्या पायांवर धाकट्या गोरक्षचं डोकं (आजच तेल थापलंय, लुगडं सांभाळ).

इकडे सगळे खुशाल. गाय खुशाल, आईचा गुडघा बरा, दादांचा राग तर ठणठणीत आहे. तुझ्या लग्नात मानपानावरून भाऊजींशी बिनसलं त्याला तीन वर्षं झाली, तरी घरात तुझं नाव काढायचं नाही म्हणजे नाही. तुला दिवस गेल्याचं साळूमावशीनं सांगितलं, तेव्हाही नुसतं "बरं" म्हणाले आणि बैलांना दोनदा पाणी पाजून आले.

तर बातमी अशी, की पुण्याच्या घाटात दरड कोसळली आणि तिकडच्या मालगाड्या तुमच्या दौंडवरून, मनमाडचा वळसा घेऊन, आमच्या इथून मुंबईला जायला लागल्या. अगं, काय एकेक डबे! कोल्हापूरचा गूळ, सोलापूरच्या कापडाच्या गाठी, आणि एका डब्यातून बकऱ्या माना काढून बघतायत, आपण आलो कुठं म्हणून. मी रोज कुंपणाशी हजर. दादा म्हणायचे, "मालगाडीत काय बघायचं? रिकामटेकडा कुठला!"

आणि परवा बघतो तो दादा स्वतः! धुतलेला पटका, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा (आईनं केले कधी, देव जाणे). गाडी पाण्यासाठी थांबलेली. दादा तडक शेवटच्या डब्यापाशी, गार्डासमोर. भाऊजी दौंडला गार्ड, तेव्हा दौंडची गाडी म्हणजे गार्ड आपला जावईच! (गार्ड मनमाडला बदलतो, हे त्यांना कोण सांगणार?) भाऊजींचं तोंड त्यांनी पाहिलंय तेही मुंडावळ्यांआडून. मी धावत पोचेपर्यंत साचलेलं सगळं बाहेर पडायला लागलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, एवढी रीत कळत नाही? पोरीला एकदा धाडावंसं वाटलं नाही? मिशा पिकल्या तरी अक्कल नाही! तो बिचारा पन्नाशीचा माणूस मान खाली घालून ऐकत होता (त्यालाही सासरा असणारच). शेवटी म्हणाला, "चुकलं मामा. पण आमचं हे सातवं."

"सात झाली आणि आम्हाला कळवलं नाहीस?" दादा कडाडले.

मी ओरडलो, दादा, हे भाऊजी नव्हेत! तेवढ्यात शिट्टी झाली आणि गार्डाबरोबर लाडूही मुंबईला गेले. दादा कितीतरी वेळ तिथंच उभे. डोळ्यात कोळसा गेला म्हणाले. ताई, इंजिन पार पुढं, आम्ही शेवटच्या डब्यापाशी, कोळसा येणार कुठून? मला फार वाईट वाटलं गं.

बाकी काही विशेष नाही.

तुझा,
गोरक्ष

ता. क. डबा पितळेचा होता. भाऊजींना म्हणावं, कल्याणला चौकशी करा.

ता. क. हे पत्र दादांना ठाऊक नाही.

ता. क. आता ठाऊक झालं. मागं उभं राहून वाचत होते. पुढचं अक्षर त्यांचं.

मैना, माजघर सारवून घेतलं आहे. बाळंतपणाला ये. नवऱ्यालाही आण. त्याच्यासाठी जपून ठेवलेलं सगळं त्या गार्डाला बोलून झालं. आता माझ्यापाशी काही शिल्लक नाही.