माहेरच्या नावाची सही

मंगळवार, २४ जानेवारी १९८९, स्लाऊ, इंग्लंड

आज ह्यांचा पांढरा कोट तिसऱ्यांदा धुतला. बाहेर वाळत घातला की हॉस्पिटलमागच्या कचरा जाळायच्या भट्टीची काजळी त्यावर बसते. आणि त्याच हॉस्पिटलात हे डॉक्टर! हे घरही हॉस्पिटलचंच. शेजारच्या जीनने भट्टीविरुद्ध गावच्या कौन्सिलला द्यायचा अर्ज सह्यांसाठी फिरवायला घेतला, तेव्हाच हे म्हणाले, "मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. आपलं नाव त्या कागदावर नको."

तरी शनिवारी हळदीकुंकवाला मी तो कागद तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवलाच. कुंदाताईंनी चष्मा चढवला. "अगं, तुझी सही कुठाय? तू नाही केलीस तर आम्ही का करायची?"

मग केली. पण माहेरच्या नावाने. सुशीला गोखले. लग्नात नाव-आडनाव दोन्ही बदलून सतरा वर्षं झाली, पण हाताला वळण आठवत होतं. किती बरं वाटलं! माझ्यामागून सगळ्याजणींनी सह्या केल्या.

आज संध्याकाळी जीनचा फोन आला. कौन्सिल सगळी नावं मतदारयादीशी ताडून बघतंय म्हणे. "तुझ्या पत्त्यावर कोण गं ही सुशीला गोखले?"

हे समोरच पेपर वाचत बसले होते. जीनचा आवाज फोनबाहेर ऐकू गेला असावा, पान उलटायचे थांबले. रेडिएटरवर कोट वाळत होता, खांद्यावरचा काळा डाग तसाच. धुऊनही तसाच.

मी म्हटलं, "काहीतरी चूक झाली असेल, जीन. या नावाची बाई इथे राहत नाही. खोडून टाक."