सुलाबाईंच्या वावरातलं मैदान

परभणी
ता. २१ नोव्हेंबर १९८०

ती. सौ. सारजाआक्कास,
भुजंगाचा शि. सा. न. वि. वि.

आक्का, एक बातमी तुला कधी सांगू असं झालंय. आमच्या नवयुग फुटबॉल क्लबाला नवी जागा मिळायलीय. नुसतं मैदान न्हाई, स्टेडियम! एका बाजूनं पायऱ्या, भोवती भिंत, कपडे बदलायला खोली.

मोंढ्यामागच्या मैदानाची गत तुला ठाऊक हाय. कापसाच्या गाड्या आमच्या गोलमधूनच वळतात. मागल्या महिन्यात चाकोरीत पाय जाऊन आमच्या एका गड्याची नडगी मोडली. आता तिथं गोदामं व्हायलेत, म्हणजे होळीनंतर आमी रस्त्यावरच. म्हणून अर्ज केला होता. कचेरीतल्या साहेबांनी जिंतूर रस्त्याला, गावाबाहेर पाच एकर जागा काढली. क्लबाचा चिटणीस म्हणून नकाशावर माझी सही हाय. जागेत चांगली बांधीव विहीर हाय म्हणे, तवा मैदानाला पाणी मारायची फिकीर मिटली. मी अजून जागा पाह्यली न्हाई. विद्यापीठाच्या वर्कशॉपात ट्रॅक्टरांची रांग लागलीय, सवड कुठली?

आमचा गोलकीपर सटवाजी म्हणायलाय की आजवर उडी मारली की गोट्यावर पडायचो, आता गवतावर पडंन.

दाजींना सांग, पहिल्या मॅचला त्यांना पहिल्या पायरीवर बसवतो. फक्त मागच्यासारखं घोरायचं न्हाई. तुझ्या सासूबाईंना, सुलामावशींना माझा नमस्कार. पोरांना गोड पापा.

माया हाय तशीच ठेव.
तुझा धाकटा,
भुजंग


बोरी
ता. २ डिसेंबर १९८०

चि. भुजंगास,
सारजाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी परभणीहून आमचा बटईदार आला. आत्याबाईंच्या माहेरचं वावर तो करतो. त्यानं सांगितलं की मोजणीवाले आले होते, विहिरीच्या अंगाला दगड रोवून, चुना टाकून गेले. विचारलं तर म्हणाले, फुटबॉलचं स्टेडियम व्हायलंय, नवयुग क्लबाच्या अर्जावरून. मी तुझं पत्र हातात धरून तशीच उभी राहिले.

भुजंगा, ती पाच एकर जागा म्हणजे आमच्या आत्याबाईंचं, तुझ्या सुलामावशींचं वावर हाय.

त्या एकुलत्या एक. भाऊ न्हाई, बहीण न्हाई. आईबाप गेले, मागं घर पडलं. माहेर म्हणून उरलंय ते एवढं वावर न् त्यातली विहीर. ती त्यांच्या आईबापानं दोघांनी मिळून खांदली. बाप खाली सुरुंगाचे दगड फोडायचा, आई टोपल्यानं वर ओढायची. दिवाळीला सगळ्या लेकी माहेरी जातात, आत्याबाई एसटीनं परभणीला जाऊन त्या विहिरीवर नारळ फोडून संध्याकाळी माघारी येतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघायलेय.

त्या मला एक शब्द बोलल्या न्हाईत. बोलल्या असत्या तर लय बरं झालं असतं. भाकरी ताटात तशीच ठेवतात न् उठतात. हे मात्र म्हणाले की तुझ्या भावानं यंदा झकास भाऊबीज घातली. बारा वर्षं झाली मला या घरात, पण माहेरापायी मान खाली घालायची पाळी कधी आली नव्हती.

सही करायच्या आधी माणूस जागा डोळ्यानं बघत न्हाई का रे? लहानपणी आंबा न बघता चावायचास, तसाच राहिलास. आंब्यात अळी निघाली तर थुंकता येतं. सही कशी थुंकशील?

राग आलाय म्हणून लिहायलेय. तब्येतीला जप, हे रागातही लिहिते.
तुझी,
सारजाआक्का


परभणी
ता. १४ डिसेंबर १९८०

ती. सौ. आक्कास,
भुजंगाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस वर्कशॉपात पान्हा हातात धरवेना. तिसऱ्या दिवशी सायकल काढून वावरात गेलो. विहिरीच्या काठावर बसलो. आत पायऱ्या हायेत, एकेक दगड घासून बसवलेला. नकाशावर तिथं नुसतं एक गोल होतं, आक्का. मी त्या गोलाखाली सही केली. गलती माझी हाय, कचेरीची न्हाई न् क्लबातल्या पोरांचीही न्हाई.

तिथून थेट कचेरीत गेलो. साहेब भले माणूस. म्हणाले की हरकत घ्यायची मुदत अजून हाय, पण क्लबानं दुसरी जागा दाखवली पाहिजे, न्हाईतर हे काम दुसऱ्या तालुक्याला जाईल. मग त्यांनीच सुचवलं की शेजारी सरकारी गायरान हाय, ते घ्या. तिथं कुणाच्या नावावर सातबारा न्हाई, कुणी हरकत घेणार न्हाई. मी उड्या मारत आलो. सुलामावशींची विहीर वाचली, क्लबाला जागा मिळाली, अजून काय पाहिजे?

रात्रीच्या बैठकीत मी हे सांगितलं. सगळे खूश झाले. सटवाजी तेवढा उठून म्हणाला की त्या गायरानावर माझा चुलता राहतो. नामांतराच्या दंगलीत गावातलं त्याचं घर जळालं, तेव्हा बायकापोरं घेऊन तो तिथं आला. दोन वर्षं दगड वेचून त्यानं जमीन केली, आता तिथं जवारी पोटऱ्यात हाय. आणि मग माझ्याकडं बघून म्हणाला की भुजंग, तुझ्या बहिणीच्या सासूची विहीर वाचावी म्हणून माझ्या चुलत्याची जवारी जायची का? कागद न्हाई म्हणून तो माणूस न्हाई का?

आक्का, सहा वर्षं तो माझ्या मागं गोलात उभा हाय. माझ्या चुकीनं आलेला बॉलही त्यानं कधी आत जाऊ दिला न्हाई. पण त्याचा चुलता कुठं राहतो, हे मी कधी विचारलं नव्हतं.

काही पोरं म्हणायलेत की असं सगळ्यांचं बघत बसलं तर क्लब बुडंल. बुडू दे. साहेब आठ दिवस दौऱ्यावर हायेत, ते आले की मी कचेरीत जाऊन लिहून देणार हाय की आमाला ही जागा न् ती जागा, दोन्ही नकोत. मैदान न्हाई तर न्हाई. सुलामावशींना सांग की विहिरीला कुणी हात लावणार न्हाई. त्यांना म्हण, भुजंगानं पाय धरून माफी मागितलीय.

रागावलीस तरी माझ्यावरचा हात काढू नकोस.
तुझा,
भुजंग


बोरी
ता. १८ डिसेंबर १९८०

चि. भुजंगास,
सारजाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहायलेय, टपालवाला दारात उभा हाय.

तुझं पत्र मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांना वाचता येत न्हाई. सटवाजीचं आलं तसं म्हणाल्या की हे पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. नंतर उठल्या, न् आज किती दिवसांनी ताटातली भाकरी पुरी खाल्ली.

सोमवारी सकाळच्या गाडीनं त्या परभणीला यायल्यात. हे संगं येतो म्हणाले तर नको म्हणाल्या. तू स्टँडवर थांब. सटवाजीला घेऊन ये असा त्यांचा निरोप हाय, न् कचेरीत काहीही लिहून देऊ नको असंही. मनात काय हाय ते मला सांगितलं न्हाई. मला भ्या वाटायलंय. काही बोलल्या तर ऐकून घे, उलट बोलू नको.

सोमवारचं सगळं बैजवार कळव. तोवर माझा जीव टांगणीला.
तुझी,
सारजाआक्का


परभणी
ता. २८ जानेवारी १९८१

ती. सौ. आक्कास,
भुजंगाचा शि. सा. न. वि. वि.

सुलामावशी आल्या त्या सोमवारी रात्री पोस्टकार्डावर दोन ओळी टाकल्या होत्या. हातात कागद पडल्याबगर पुरं लिहायचं न्हाई असं ठरवलं होतं. आज कागद पडला. आता सगळं लिहितो.

त्या दिवशी सुलामावशी गाडीतून उतरल्या न् माझ्याकडं बघितलंही न्हाई. सटवाजीला विचारलं की तुझा चुलता कुठाय, त्यालाही बोलव. आमी चौघं वावरात गेलो. मावशी विहिरीकडं गेल्याच न्हाईत. सरळ वरच्या अंगाला, बरडावर चढल्या. पाच एकरांतलं तेवढं अडीच एकर नुसतं मुरूम न् खडक. तिथं टाचेनं जमीन ठोकून म्हणाल्या की माझ्या बापानं हितं जन्मात नांगर घातला न्हाई. पाणी थांबत न्हाई, गवत उगवत न्हाई. बैल चारायलाही कुणी येत न्हाई. तुमाला पळायलाच पाहिजे ना? मग काळ्या मातीत कशाला पळता, हितं पळा. विहीर न् खालची काळी माझ्या लेकाला राहू द्या.

मग सटवाजीच्या चुलत्याला म्हणाल्या की दादा, तुमची जवारी तुमी खावा. माझ्या वावरापायी तुमच्या वावरात दगड पडायचा न्हाई.

त्या म्हाताऱ्या माणसानं डोक्याचा फेटा काढला, पुन्हा बांधला. मी दुसरीकडं बघितलं.

आता मैदानाला अडीच एकर कमी पडायलं. शेजारच्या सितारामरावांचंही बरड लागून हाय. मावशींनी त्यांना बांधावर बोलवून घेतलं न् लहानपणीची ओळख काढून असं काही बोलल्या की त्यांनी तेवढं बरड द्यायला जागीच होकार दिला. तिथून मावशी माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून कचेरीत आल्या! साहेबांपुढं ताठ उभ्या राहून म्हणाल्या की मालकीण मी हाय, मला विचारायला कुणी आलं न्हाई, म्हणून मीच सांगायला आले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. दुसऱ्या आठवड्यात इंजिनियर येऊन बघून गेले. म्हणाले, उलट बरंच झालं, खडकावर पायऱ्यांचा पाया पक्का बसतो. काळ्या मातीत भेगा पडल्या असत्या.

आक्का, आज मंजुरी आली. विहिरीजवळचे दगड उपटून वर रोवले, ते मी न् सटवाजीनंच उपटले. गायरानाचं नाव कागदावर कुठंच न्हाई, चारदा वाचून बघितलं. या बारीला सही करायच्या आधी नकाशा घेऊन सगळ्या हद्दीनं चालत फिरलो. आज किती दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरलाय. मघाशी जेवलो न् पुन्हा भूक लागलीय.

गवताचं मात्र जमणार न्हाई, मुरमावरच खेळावं लागंल. सटवाजी म्हणतो की चालतंय, गुडघे सोलायची सवय हाय.

सुलामावशींचे पाय माझ्या वतीनं धर. न् तुझा जीव आता टांगणीवरून खाली घे.
तुझाच,
भुजंग


बोरी
ता. २ फेब्रुवारी १९८१

चि. भुजंगास,
सारजाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता मला हसू न् रडू दोन्ही आलं. पोरं म्हणायलेत की आईला काय झालं. यांनीही पत्र मागून घेऊन वाचलं न् भाऊबीजेचं बोलणं परत घेतो म्हणाले. मी म्हणाले, नुसतं परत घेऊन चालायचं न्हाई, भुजंगाला नवं धोतर घ्या. तुला धोतर नेसता येत न्हाई हे माझ्या ध्यानात हाय, पण त्यांना खर्चात तर पाडू.

आत्याबाई दुपारी ओसरीवर गाढ झोपल्या होत्या. या घरात दुपारी झोपलेलं मी त्यांना पहिल्यांदा बघितलं.

आता त्यांचा निरोप नीट वाच. रविवारी, आठ तारखेला, विहिरीपाशी हुरडा हाय. तुझी सगळी टीम घेऊन यायची. सटवाजीनं चुलत्याला, चुलतीला, त्यांच्या लेकरांना आणायचं. आमी सगळे शनिवारीच येतो. हुरडा भाजायला आत्याबाई स्वतः बसणार.

हे ऐकून इथल्या एका शेजारणीनं हळूच विचारलं की मग त्या लोकांनी पाणी कुठलं प्यायचं? आत्याबाई सूप पाखडायल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या की विहीर माझ्या आईबापाची हाय, माझ्या दारी आलेल्या माणसानं पाणी शेजारच्या गावाला जाऊन प्यावं का? पायऱ्या हायेत, उतरावं न् ओंजळीनं प्यावं. शेजारीण उठून गेली. आत्याबाईंनी तिला थांब म्हटलं न्हाई.

तेव्हा मोकळ्या पोटानं या सगळे. तिळाची चटणी मी करून आणते, मीठ तू आण. उशीर करू नको, कणसं कोवळी हायेत तोवरच गोडी.

आता काही राग न्हाई. मायेला कधी आटायचं ठाऊकच नव्हतं.
तुझी,
सारजाआक्का